हॉटेलपासून २०० मीटरच्या आत फूड ट्रक नकोत: या निवेदनावर मी सही करू का?

थालीपीठ_कोथरूड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चार दिवस एक कागद गल्ल्याखाली पडून आहे आणि त्यावर सही करायला हात धजत नाही, म्हणून इथे लिहितेय.

कोथरूडला आमचं छोटं हॉटेल आहे, २२ वर्षं झाली. आधी आई-बाबा चालवायचे, आता मी आणि नवरा. ३४ जण बसतील एवढी जागा, तीही भाड्याची. सकाळी पोहे, उपीट, मिसळ, दुपारी थाळी, संध्याकाळी थालीपीठ, साबुदाणा वडा, पिठलं-भाकरी. गेल्या दिवाळीनंतर समोरच, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, फूड ट्रक लागायला लागले. आधी एक मोमोजचा आला. मग शोरमा, चायनीज, नुसत्या चीज-फ्राइजचा एक. आता शनिवार-रविवारी पाच असतात.

आमच्या भागातल्या हॉटेलवाल्यांनी महापालिकेला देण्यासाठी निवेदन केलंय. मागणी एकच: परवानाधारक हॉटेलपासून २०० मीटरच्या आत फूड ट्रकला उभं राहू देऊ नये. ३१ सह्या झाल्या, माझी राहिलीय.

सही करावीशी वाटते. भाडं ९५ हजार, वर्षाला ५ टक्के वाढ. आठ माणसं, त्यांच्या राहण्याची सोय. १९ किलोचे व्यावसायिक सिलेंडर. अन्न परवाना, अग्निशमनचा दाखला, पाटीचा परवाना. मिळकतकर बिगरनिवासी दराने लागतो आणि मालक तो आमच्याकडूनच घेतो. पण मनाला सगळ्यात जास्त लागतं ते पैशाचं नाही. त्यांची गिऱ्हाइकं आणि गाडीवरची पोरं स्वच्छतागृहासाठी आमच्याकडे येतात. बाईमाणूस आलं तर नाही कसं म्हणायचं? पण रात्री साडेदहाला ते पुन्हा धुवावं लागतं आमच्या मावशींना, आणि त्यांची शेवटची पीएमटी चुकते. शिवाय एका रात्री तळणीचं तेल पावसाळी गटाराच्या जाळीत ओतताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

सही करवत नाही, कारण बाबांची सुरुवात हातगाडीवर झाली. सात वर्षं ते एका बोळाच्या तोंडाशी वडापावची गाडी लावायचे. शेजारच्या हॉटेलचे मालक त्यांना रोज दोन कळश्या पाणी भरू द्यायचे. त्या मालकांनी तेव्हा २०० मीटरचा कागद काढला असता तर आज माझं हॉटेल नसतं.

तुम्ही सांगा.

---

गरम_तवा

ताई, सही करा. माझंही हॉटेल आहे, सिंहगड रस्त्याला. बाबांच्या काळातली हातगाडी आणि आजचा ट्रक यांची तुलना होत नाही. तुमचे बाबा एका घरापुरते वडे तळत होते. इथे दहा-बारा लाखांची गाडी, रंगीत दिवे, स्पीकर, इन्स्टाग्रामवर जाहिरात. त्यांना जागेचं भाडं नाही. आपण ९५ हजार द्यायचे आणि समोरच्याने शून्य, याला स्पर्धा म्हणत नाहीत. मी दोन माणसं कमी केली या वर्षी. त्यातला एक १४ वर्षं माझ्याकडे होता. त्याच्या घरी जाऊन सांगताना काय वाटलं ते मलाच माहीत.

---

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूने. हिंजवडीहून कंपनीची गाडी मला रात्री पावणेबाराला कर्वे पुतळ्यापाशी सोडते. त्या वेळी कोथरूडमधलं एकही बसायचं हॉटेल उघडं नसतं. गाडीवर दीड-दोनशेत गरम खायला मिळतं.

आणि एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही. वनाज मेट्रोपासून माझ्या सोसायटीपर्यंतच्या रस्त्यावर दुकानं नऊलाच बंद होतात. तिथे दोन ट्रक उभे असतात, उजेड असतो, चार माणसं खात उभी असतात, म्हणून मी तिथून चालत येते. नसते तेव्हा रिक्षा करते. २०० मीटरचं वर्तुळ आखताना हा उजेडही मोजा.

---

सोसायटी_सचिव

उजेड ठीक. पण आमच्या फाटकासमोर बघा. ट्रकच्या मागे दुचाक्यांची दुसरी रांग, तिच्या मागे मोटारींची तिसरी. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या आजोबांना रुग्णालयात न्यायचं होतं, रुग्णवाहिका फाटकातून बाहेर काढायला नऊ मिनिटं लागली. जनरेटरचा आवाज रात्री साडेबारापर्यंत. कागदी प्लेटा सकाळी आमचे सफाई कामगार उचलतात. हॉटेलं वाचतात की बुडतात हा माझा प्रश्नच नाही. माझ्या दारातला रस्ता माझ्या सोसायटीतल्या माणसांना मोकळा मिळाला पाहिजे.

---

चाकावरचा_कुक

माझा स्वतःचा ट्रक आहे, बाणेरला लावतो. बायको आणि मी, दोघंच. आधी नऊ वर्षं कॅम्पातल्या एका हॉटेलात कुक होतो.

गरम_तवा दादा, >>त्यांना जागेचं भाडं नाही<< हे कागदावर खरं आहे. हिशेब सांगतो. जुना छोटा हत्ती टेम्पो ३ लाख १० हजारांना घेतला. वरची बॉडी, ओटा, चिमणी, २०० लिटरची पाण्याची टाकी यांचे ४ लाख २०. गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते, ती घेतली. अन्न नोंदणी घेतली. सिलेंडर मीही व्यावसायिकच वापरतो, घरगुती लाल सिलेंडरवर धंदा करणं गुन्हा आहे आणि धोक्याचंही. आता भाडं. मी जिथे उभा राहतो तिथे रोजचे दोनशे रुपये कुणाला ना कुणाला द्यावेच लागतात. महिन्याचे सहा हजार. पावती मिळत नाही. पावती नसल्यामुळे कारवाईची गाडी आली की ते सहा हजार कुठल्याच कामाचे नसतात. गेल्या पावसाळ्यात तीन वेळा जागा बदलली. एकदा सामान उचलून नेलं, सोडवून आणेपर्यंत अठरा दिवस चूल बंद. मुलाच्या शाळेची फी तेव्हा थकली ती अजून पूर्ण भरलेली नाही.

माझं भाड्याला नाही म्हणणं कधीच नव्हतं. चौकोन आखा, नंबर द्या, महिन्याला दहा हजार घ्या, पावती फाडा. मी पहिल्या दिवशी रांगेत असेन.

थालीपीठ ताई, ज्याने गटारात तेल ओतलं तो आमच्यातला आहे आणि त्याने चूक केली. त्याला सांभाळून घ्या असं मी म्हणणार नाही.

---

कलम_१९

वकिली करते, पथविक्रेत्यांची थोडी कामं केली आहेत. सल्ला म्हणून घेऊ नका, पण निवेदनावर सही करण्याआधी कायद्याची जमीन कुठे कडक आणि कुठे मऊ आहे ते पाहायला हवं.

रस्त्यावर धंदा करणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) खालचा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ साली सोदानसिंग खटल्यात मान्य केलं. त्याच निकालात असंही म्हटलं की, एखाद्या ठरावीक जागेवर कायमचं ठाण मांडण्याचा हक्क मात्र कुणालाच नाही. या हक्कावर सरकार बंधन घालू शकतं, पण ते सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी आणि वाजवी असलं पाहिजे. "हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं" हे जनतेचं हित झालं का? सोसायटी_सचिव यांनी लिहिलेली रुग्णवाहिका हे जनतेचं हित आहे. गिऱ्हाईक तुटणं हे एका व्यापाऱ्याचं नुकसान आहे, खरं आणि दुखणारं नुकसान, पण वेगळं.

१९७६ चा जसभाई देसाई खटला इथे मला फार जवळचा वाटतो. गुजरातेत एका सिनेमागृहाच्या मालकाने दुसऱ्याला मिळालेल्या ना-हरकत दाखल्याला आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, नव्या थिएटरमुळे तुमचा गल्ला कमी होईल, पण तुमचा कुठलाही कायदेशीर हक्क त्यामुळे मोडत नाही, सबब तक्रार करायचा अधिकार नाही.

आता २०१४ चा पथविक्रेता कायदा. त्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यातल्या एक तृतीयांश महिला, असं सगळं आहे. पण विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळताना जी हमी द्यावी लागते ती वाचा: धंदा मी स्वतः किंवा माझे कुटुंबीय करतील, माझ्याकडे उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र मी कुणाला भाड्याने देणार नाही. म्हणजे चाकावरचा_कुक आणि त्यांची पत्नी या चौकटीत बसू शकतात. पण एका माणसाचे चार ट्रक आणि त्यांवर पगारी मुलं, हे यात बसत नाही. "फूड ट्रक" या एका शब्दाखाली आपण दोन वेगळी माणसं कोंबतोय. ताई, तुमच्या समोरचे पाच कुणाचे आहेत हे तुम्ही विचारलंय का?

---

नकाशा

वास्तुरचनेच्या पुढे नगररचना शिकलो. २०० मीटर हा आकडा उच्चारायला छोटा आहे, म्हणून तो जमिनीवर मांडून दाखवतो.

२०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे साडेबारा हेक्टर, ३१ एकर. एका हॉटेलभोवती. फर्ग्युसन रस्त्यावर, कर्वे रस्त्यावर, बालेवाडी हाय स्ट्रीटला दर पन्नास पावलांवर हॉटेल आहे. ही वर्तुळं एकमेकांवर चढत गेली की रिकामी जागा उरते कुठे? नदीपात्राच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी, आणि जिथे माणूसच नाही अशा रस्त्यांवर. तेव्हा हा अंतराचा नियम नाही, बंदी आहे. बंदी हवी असेल तर तसं स्पष्ट मागावं.

जगात हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत शिकागोने हॉटेलपासून २०० फुटांच्या आत, म्हणजे साधारण ६१ मीटर, ट्रकला मनाई केली आणि प्रत्येक ट्रकला जीपीएस लावणं सक्तीचं केलं. २०१९ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. कारण दिलं की बांधीव हॉटेलं मिळकतकर भरतात आणि वस्तीला स्थैर्य देतात. उलट टेक्सासमधल्या एल पासो शहराने आपला १,००० फुटांचा नियम कोर्टात आव्हान मिळाल्यावर २०११ मध्ये स्वतःच मागे घेतला. आपले २०० मीटर शिकागोच्या तिपटीहून जास्त, आणि क्षेत्रफळात पाहिलं तर जवळजवळ अकरा पट. आणि शिकागोचे रस्ते पुण्याच्या पेठांसारखे नाहीत.

सिंगापूरने तिसरी वाट धरली. १९७१ ते १९८६ या काळात रस्त्यावरच्या विक्रेत्यांना नळ, गटार, ओटे असलेल्या केंद्रांमध्ये जागा दिल्या. त्या हॉकर केंद्रांच्या संस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये आपल्या यादीत घेतलं. पंधरा वर्षं लागली, पण सुरुवात नळ आणि गटारापासून केली.

मला मोजायचं असेल तर मी हॉटेलपासूनचं अंतर मोजणार नाही. पदपथावर चालायला किती जागा उरते ते मोजेन. भारतीय रस्ते काँग्रेसचा (रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) दंडक किमान १.८ मीटर मोकळ्या रुंदीचा आहे, व्हीलचेअर आणि चालणारा माणूस एकमेकांना ओलांडू शकतील एवढी. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरणही स्वीकारलं आहे. चौकापासून, बसथांब्यापासून, सोसायटीच्या फाटकापासून, रुग्णालयाच्या दारापासून अंतर ठेवा. हॉटेलचं दार या यादीत का असावं?

---

गरम_तवा

>>हॉटेलचं दार या यादीत का असावं?<<

कारण त्या दाराने तुमच्या पदपथाचा खर्च दिलाय, नकाशा. शिकागोच्या कोर्टाने तेच म्हटलं, तुम्हीच लिहिलंत.

---

नकाशा

बरोबर आहे, आणि तो मुद्दा मी उडवून लावत नाही. म्हणूनच ट्रककडून जागेचं शुल्क घ्यावं आणि ते त्याच भागातल्या स्वच्छतागृहावर आणि कचऱ्यावर खर्चावं. पण कर भरला म्हणून समोरचा रस्ता माझा, असं एकदा मान्य केलं की उद्या औषधाचा दुकानदार दुसऱ्या औषधवाल्याला २०० मीटर लांब ठेवेल. आणि आपण खरं बोलू: आपल्याकडची किती हॉटेलं फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीसमोर मोकळ्या सोडायच्या जागेत, टेबलं टाकतात? किती जणांच्या गिऱ्हाइकांच्या दुचाक्या पदपथावर असतात? १.८ मीटरची पट्टी लावली तर ती दोघांनाही लागेल.

---

शनिवारातले_काका

वय ७४. एवढंच सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा खोलीवर चूल नव्हती. महिनेवारी खानावळ होती, पण तिची वेळ ठरलेली. पाळी उशिरा सुटली की स्टेशनबाहेरची भुर्जीची गाडी. खानावळवाल्या बाईंना कधी त्या गाडीचा राग आलेला मी पाहिला नाही, कारण महिन्याचे पैसे भरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पोळी-भाजीलाच परत यायचा. दोघांचं गिऱ्हाईक तोच माणूस, फक्त वेळ वेगळी.

आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीची कष्टाची भाकर विसरू नका. हॉटेलही नाही, गाडीही नाही, तरी या शहरातल्या अंगमेहनतीच्या माणसाला परवडेल अशा दरात तिने जेवू घातलंय. स्वस्त अन्न कुणाला लागतं, तिथून विचार सुरू करा. मोमोजवाल्यापासून नको.

---

थालीपीठ_कोथरूड (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गप्प होते कारण दोन कामं केली.

पहिलं, बिलबुकं काढली. या वर्षीचे दोन आठवडे आणि गेल्या वर्षीचे तेच दोन आठवडे शेजारी ठेवले. दुपारची थाळी घटलेली नाही, थोडी वाढलीच आहे. संध्याकाळी सातनंतर बसून खाणारे रोज सरासरी ११ जण कमी. माणशी १२० धरले तर दिवसाला १,३२०, महिन्याला ३९,६०० ची विक्री. माल वजा जाता सतरा-अठरा हजार. हे माझं ट्रकमुळे झालेलं नुकसान, आणि सगळंच ट्रकमुळे असं धरून.

मग ऑनलाइन ऑर्डरींचं पान उघडलं. महिन्याला साधारण १ लाख २० हजारांच्या ऑर्डरी. कमिशन, ॲपवर वर दिसण्यासाठीची जाहिरात, माझ्या खिशातून दिलेली सवलत, सगळं धरून शंभरातले ३६ रुपये जातात. म्हणजे ४३,२०० रुपये. रस्त्यापलीकडच्या पाच गाड्या मिळून माझ्याकडून जेवढं नेतात त्याच्या दुपटीहून जास्त. आणि मी मात्र रोज संध्याकाळी दारात उभी राहून गाड्यांकडे बघत होते, कारण त्या दिसतात. नवऱ्याने आकडा पाहिला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

(रेस्टॉरंट संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये मोठ्या डिलिव्हरी कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला होता, हे मला वाचून माहीत होतं. पण स्वतःच्या वहीत ते मी कधी मांडलंच नव्हतं.)

दुसरं काम, रस्ता ओलांडला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. कलम_१९ ताई, तुमचा प्रश्न अगदी नेमका होता. पाचपैकी तीन ट्रक एकाच माणसाचे आहेत. तो तिथे येत नाही. वीस-बावीस वर्षांची मुलं आहेत, रोजावर, बारा-बारा तास. तेल ओतणारा त्यांच्यातला एक. त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही, आणि ते नेऊन टाकायला दुसरी जागाही दिलेली नाही. उरलेल्या दोनपैकी मोमोजचा एका नवरा-बायकोचा. घर वारज्याला, मुलगी नववीत, ती ट्रकच्या मागच्या पायरीवर बसून अभ्यास करते. दुसरा एकट्या मुलाचा, त्याची नोकरी गेलीय.

२०० मीटरचा नियम झाला तर तीन ट्रकवाला माणूस शेजारचा गाळा भाड्याने घेईल आणि महिन्याभरात परवानाधारक हॉटेल होईल. त्याला ते परवडतं. उठतील ते वारज्याचे नवरा-बायको. मग मी सही नक्की कुणाविरुद्ध करणार?

---

गरम_तवा

तुमचे आकडे वाचून मीही रात्री माझी वही काढली. माझ्याकडे ट्रकचं नुकसान तुमच्यापेक्षा जास्त निघालं, पण ॲपचं त्याहून मोठं. तरी माझं मत सोडत नाही: शुल्क आणि नियम लागू होईपर्यंत ट्रक वाढू देऊ नयेत. आधी मोजणी, मग परवानगी. आणि स्पीकर बंद.

---

चाकावरचा_कुक

दादा, आधी मोजणी याला माझं अनुमोदन. कायद्यात सर्वेक्षण आहेच, ते नीट व्हावं. आणि स्पीकर माझ्याकडे नाही, कुणाकडेच नसावा.

---

कलम_१९

एक बारीक पण महत्त्वाची सूचना. निवेदनात "अनधिकृत फूड ट्रक हटवा" असं सरसकट लिहू नका. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय असलेल्या विक्रेत्यांना उठवता येत नाही, असं कायदाच म्हणतो. त्याऐवजी जागा, वेळ आणि शुल्क मागा. एका कुटुंबाला एकच परवानगी, हेही मागा. आणि प्रमाणपत्र भाड्याने देता येणार नाही, हे कायद्यातच आहे, त्याची अंमलबजावणी मागा.

---

थालीपीठ_कोथरूड (धागाकर्ती)

त्या कागदावर मी सही केली नाही. आज सकाळी परत दिला. एकजण बोलला, "तुझ्या बाबांना हे आवडलं नसतं." मी काही उत्तर दिलं नाही. घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पाणी देतेस ना त्यांना?"

वेगळं निवेदन लिहिलंय. त्यात हॉटेलपासून अंतराचा उल्लेख नाही. मागण्या अशा: चालायला १.८ मीटर मोकळे राहतील असे आखलेले चौकोन, सोसायटीचं फाटक आणि बसथांबा सोडून. रात्री साडेअकरापर्यंत वेळ, पण मेट्रोच्या रस्त्यावर साडेबारापर्यंत (रात्रपाळी, हे तुमच्यासाठी). जनरेटरऐवजी मीटरची वीजजोडणी. महिन्याचं शुल्क, पावतीसह, आणि त्यातून त्या पट्ट्यात एक सार्वजनिक स्वच्छतागृह. एका कुटुंबाला एकच गाडी. हॉटेलांनीही पदपथावरची टेबलं आणि पाट्या मागे घ्यायच्या, ही ओळ मी आमच्याविरुद्ध मुद्दाम घातली आहे. माझी स्वतःची पाटी काल आत घेतली.

आतापर्यंत सहा हॉटेलवाले तयार आहेत. ३१ समोर सहा कमी आहेत हे मला कळतं.

तळणीचं वापरलेलं तेल आम्ही डब्यात साठवतो, गोळा करणारा दर पंधरा दिवसांनी विकत घेऊन जातो. २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची त्यासाठी योजनाच आहे. समोरच्या पाचही गाड्यांना सांगितलंय, तुमचं तेल आमच्या मागच्या दाराशी ठेवलेल्या निळ्या पिंपात टाका. काल रात्री दोघांनी टाकलं.

---

नकाशा

ताई, चौकोन कुठे बसतात ते कागदावर नको, जागेवर मोजू. मंगळवारी दुपारी तीनला येऊ शकतो, तेव्हा रस्ता रिकामा असतो. ३० मीटरची टेप माझ्याकडे आहे, दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल.

---

सोसायटी_सचिव

मी धरतो. फाटकापासून मोजायला सुरुवात करू.

---

चाकावरचा_कुक

मंगळवारी माझी सुट्टी असते. बाणेरहून येतो. खडू आणतो, खुणा करायला.